जखमीच्या ओठाला ब्रँडी

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढणारा सेनापती थॉमस जॅक्सन दारूला शिवत नसे. चव आवडत नव्हती असं नाही. आवडते हे तो मोकळेपणी सांगायचा, आणि म्हणूनच लांब राहायचा. २ मे १८६३ च्या रात्री व्हर्जिनियातल्या चान्सलर्सव्हिलच्या रानात टेहळणी करून परतताना त्याच्याच बाजूच्या नॉर्थ कॅरोलिनाच्या शिपायांनी अंधारात त्याला शत्रू समजून गोळ्या घातल्या. दोन डाव्या हाताला लागल्या, एक उजव्या पंजात. डाव्या दंडातली रोहिणी फुटली. स्ट्रेचर वाहणारे तोफांच्या माऱ्यात अडखळले आणि जॅक्सन जमिनीवर आदळला. त्याचा डॉक्टर हंटर मॅग्वायर पोचला तेव्हा कपडे रक्तानं चिंब झाले होते, कातडी गार आणि ओलसर होती, चेहरा पांढराफटक. मॅग्वायरनं आधी बोटानं रोहिणी दाबून धरली. मग त्या निर्व्यसनी माणसाला व्हिस्की पाजली, मॉर्फिया दिला. मागच्या इस्पितळात नेल्यावर ब्लँकेटांत गुंडाळून पुन्हा व्हिस्की आणि पाणी. अडीच तासांनी अंगात जरा धुगधुगी आली, नाडी हाताला लागली, आणि पहाटे दोनच्या सुमारास क्लोरोफॉर्म देऊन डावा हात कापला गेला. जॅक्सन १० मेला न्यूमोनियानं गेला. रक्तस्रावानं नव्हे.

हे शेवटचं वाक्य माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे. मी भूल देणारी डॉक्टर. नोकरी सरकारी इस्पितळांत झाली, त्यातली बरीचशी हायवेलगतच्या एका जिल्ह्याच्या गावी, जिथं उसाचा हंगाम लागला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि मोटरसायकली यांच्या टकरींनी आमची कॅज्युअल्टी रात्रभर जागी असायची. रक्त गेलेला माणूस टेबलावर आला की सर्जन पोटाकडे बघतो, मी चेहऱ्याकडे. त्यामुळे मॅग्वायरनं जे लिहून ठेवलं ते वाचताना मी व्हिस्कीपाशी थांबत नाही, बोटापाशी थांबते. रोहिणी दाबली, रक्त थांबलं, माणूस आडवा आणि उबेत राहिला, तरुण हृदय होतं, वेळ मिळाला. अडीच तासांत शरीरानं आपलं आपण सावरलं. श्रेय मात्र बाटलीला गेलं. वैद्यकाच्या इतिहासात हे इतक्यांदा घडलंय की त्यावर वेगळं रागवायचंही मी सोडून दिलंय.

आणि मॅग्वायर काही अडाणी नव्हता. तो त्या काळच्या चांगल्या शास्त्राप्रमाणेच वागला. त्या शास्त्राचं मूळ स्कॉटलंडमध्ये सापडतं. एडिंबरोच्या जॉन ब्राऊननं १७८० साली लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला आणि सगळ्या रोगांची दोनच खाती पाडली: शरीरात उत्तेजना जास्त झाली तर एक, कमी पडली तर दुसरं. बहुतेक रोग दुसऱ्या खात्यात, आणि त्या खात्यावरचं औषध म्हणजे मद्य आणि अफू. ब्राऊन स्वतः दोन्ही भरपूर घेत असे. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या रॉबर्ट बेंटली टॉडनं तापाच्या रोग्यांना तासातासाला ब्रँडी पाजण्याची पद्धतच बसवली. त्याआधीची पिढी रोग्याचं रक्त काढत होती, त्या मानानं ब्रँडी पाजणं ही दयाच म्हणायची. ज्याला उत्तेजना कमी पडली आहे तो माणूस दिसतो कसा? गार, पांढरा, घामेजलेला, नाडी बारीक. म्हणजे हुबेहूब रक्त गेलेल्या माणसासारखा. मग त्याला उत्तेजक द्यायचं नाही तर कोणाला द्यायचं?

म्हणून एकोणिसाव्या शतकात रक्ताच्या थारोळ्यातल्या माणसाजवळ सगळ्यात आधी पोचायची ती ब्रँडी. लिंकनला फोर्ड थिएटरात गोळी लागली तेव्हा तरुण डॉक्टर चार्ल्स लीलनं त्याच्या ओठांतून ब्रँडी-पाणी सोडलं. १८८१ साली वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात राष्ट्राध्यक्ष गारफिल्डवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा तिथं पोचलेल्या पहिल्या डॉक्टरनंही ब्रँडी आणि अमोनियाचा अर्क दिला. गारफिल्डला उलटी झाली. गिळता न येणाऱ्याला कातडीखाली सुईनं ब्रँडी टोचत. बाळंतपणात अंगावरून धो धो रक्त गेलेल्या बाईलाही तीच. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या जेम्स ब्लंडेलनं असल्या बायकांना माणसाचं रक्त द्यायची धडपड सुरू केली, ती ब्रँडीनं भागत नाही हे त्याला प्रसूतिगृहात दिसत होतं म्हणूनच. १८२९ साली त्यानं एका बाळंतिणीला सुमारे आठ औंस रक्त तीन तासांत थोडं थोडं करून दिलं आणि ती वाचली. आठ औंस म्हणजे आपली आजची एक पिशवीही नव्हे. रक्तगट ठाऊक व्हायला अजून सत्तर वर्षं होती, नळीत रक्त गोठायचं, त्यामुळे ब्लंडेलची वाट फारशी कुणी धरली नाही. ब्रँडी स्वस्त होती, कपाटात होती आणि गोठत नव्हती.

बरं, ब्रँडी दिल्यावर लोकांना काहीतरी दिसत होतं, हे नाकारून चालणार नाही. कडक दारू जिभेला आणि घशाला झोंबली की त्या झोंबण्यानंच नाडी आणि रक्तदाब क्षणभर उसळतात. अमोनियाची बाटली नाकाशी धरल्यावर होतं तेच. मग थोड्या वेळानं गालांवर लाली येते, हात कोमट होतात, तडफड कमी होते, माणूस शांत पडतो. सभोवती उभ्या असलेल्यांना वाटतं, सावरला.

आता आतमध्ये काय चाललेलं असतं ते सांगते. साठ किलोच्या माणसात साधारण सव्वाचार लिटर रक्त असतं. त्यातलं अर्धा-पाऊण लिटर गेलं तर धडधाकट माणसाला फारसं जाणवतही नाही. रक्तदाते साडेतीनशे मिली देऊन चहा-बिस्किट खाऊन घरी जातात. दीड लिटरकडे गेलं की लढाई सुरू होते. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींत दाब मोजणारे मज्जातंतू असतात. दाब उतरतोय हे त्यांना सगळ्यात आधी कळतं. पाटाला पाणी कमी आलं की पाटकरी कडेच्या शेतांची दारं बंद करून मुख्य पाट वाहता ठेवतो, तसं मेंदू कातडीच्या, आतड्यांच्या, मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतो आणि असेल ते रक्त हृदयाकडे आणि स्वतःकडे वळवतो. शरीरातलं बहुतांश रक्त एरवी नीलांमध्ये सैलावलेलं असतं. त्या आकसतात आणि साठा पुढे ढकलतात. अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं, नाडी धावते, यकृत साखर ओततं. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन सुटतं. ते एकीकडे रक्तवाहिन्या आवळतं, दुसरीकडे मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावतं. लघवी जवळजवळ बंद होते. पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी हळूहळू रक्तात उतरतं.

बाहेरून हे सगळं भयंकर दिसतं. चेहरा पांढरा, कारण कातडीचं रक्त काढून घेतलंय. हात बर्फासारखे, त्याच कारणानं. घाम, तहान, घालमेल. पाहणाऱ्याला तो रोग वाटतो. तो रोग नव्हेच, ती शरीरानं केलेली उपाययोजना. ब्राऊनपासून मॅग्वायरपर्यंत सगळ्यांची गल्लत इथं झाली. पांढरेपण हटवलं तर माणूस वाचेल असं त्यांना वाटलं, आणि पांढरेपण हटवायला दारूइतकं चांगलं औषध दुसरं नव्हतं.

कारण दारू ती बंद केलेली दारं एकेक करून उघडते. कातडीच्या रक्तवाहिन्या सैल होतात, म्हणून लाली येते आणि हात कोमट लागतात. ती ऊब आतल्या अवयवांच्या वाट्याची असते आणि कातडीवाटे हवेत जाते. दाब मोजणाऱ्या मज्जातंतूंचा निरोप मेंदूत पोचतो, पण त्यावर मिळणारं उत्तर मिळमिळीत असतं. व्हॅसोप्रेसिनला तर दारू सरळ दाबून टाकते. प्यायलेल्याला सारखी लघवीला का लागते, त्याचं कारण हेच. यकृत दारू जाळण्यात गुंतलं की नवी साखर बनवणं थांबवतं, त्यामुळे उपाशीपोटी प्यायलेल्या मजुराच्या रक्तातली साखर नेमकी हवी तेव्हा घसरते. रक्तबिंबिकांची, म्हणजे प्लेटलेट्सची, एकमेकींना चिकटण्याची ताकद कमी होते. त्यात अंग गार पडलेलं. गार रक्त नीट गोठत नाही, आणि नीट न गोठणारं रक्त आणखी वाहतं.

जॅक्सनला पाजलेल्या दोन-चार घोटांनी यातलं कितीसं झालं असेल? फार नसेल. रक्त गेलेल्याचं पोट आणि आतडी सुस्तावलेली असतात, तिथून दारू रक्तात सावकाश उतरते. पण दारू पिऊन मग जखमी झालेल्या माणसाचं तसं नाही. त्याची दारू आधीच रक्तात आहे, आणि दारं आधीच उघडी.

आपल्याकडच्या सुश्रुतानं यात दाखवलेला सावधपणा मला नेहमी नवलाचा वाटतो. शस्त्रकर्माआधी तीक्ष्ण मद्य पाजायला तो सांगतो, पण कुणाला? ज्याला पिण्याची सवय आहे आणि वेदना सहन होत नाही, त्याला. व्रण झालेल्या रोग्याची पथ्यं सांगताना मात्र तोच सुश्रुत मद्याचे एकेक प्रकार नावं घेऊन वर्ज्य करतो. वाहतं रक्त थांबवायचे त्याचे उपाय चार: जखमेच्या कडा जुळवणं, थंडावा आणि तत्सम उपायांनी रक्त गोठवणं, क्षारासारख्या द्रव्यांनी पिकवणं आणि शेवटी डाग देणं. त्यात मद्य नाही. अतिरक्तस्राव झालेल्याला हरणाचं, मेंढराचं, सशाचं रक्त प्यायला द्यावं असंही तो म्हणतो. पोटात गेलेलं रक्त शिरेत जात नाही हे आपण जाणतो. पण जे गेलं तेच परत द्यावं, ही दिशा तर बरोबर होती. हिंदी सिनेमात गोळी काढताना नायक आधी अर्धी बाटली घशात आणि उरलेली जखमेवर ओततो, तो वारसा सुश्रुताचा नाही. तो काउबॉयच्या चित्रपटांमार्गे आलेला दिसतो.

ब्रँडीचं आसन डळमळायला सुरुवात झाली ती इंग्लंडात. बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन हा काही आधीपासून दारूविरोधी नव्हता. १८६० च्या दशकात त्यानं मद्यार्काचा शरीरावरचा परिणाम मोजायला घेतला आणि त्याला दिसलं की कातडी तापते पण अंगाची खरी उष्णता उतरते; लाली ही रक्तवाहिन्या ढिल्या पडल्याची खूण आहे, जोमाची नव्हे. मोजमापानं त्याला दारूबंदीवाला केलं. १८७३ साली लंडनमध्ये मद्यविरोधी मंडळींनी स्वतःचं इस्पितळच काढलं, जिथं औषध म्हणूनही दारू अगदी अपवादानं द्यायची. त्या इस्पितळाची थट्टा पुष्कळ झाली. रोगी इतर ठिकाणांपेक्षा जास्त मेले नाहीत तेव्हा ती हळूहळू कमी झाली. अमेरिकेत जॉर्ज क्राइलनं १८९९ मध्ये शॉकचे, म्हणजे रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेचे, कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्या काळी शॉकमध्ये सर्रास दिलं जाणारं स्ट्रिक्नीनसारखं उत्तेजक निरुपयोगी ठरतं, हे त्यातून पुढे आलं. क्राइलनं नंतर सलाइन वापरलं, अ‍ॅड्रिनॅलिन वापरलं, रोग्याला हवा भरलेला रबरी पोशाख घालून पायातलं रक्त वर ढकलून पाहिलं, आणि शेवटी रक्तच द्यायला लागला.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये हे सगळे धागे एकत्र आले. ‘लढा किंवा पळा’ ही शरीराची आणीबाणीतली प्रतिक्रिया ज्यानं समजावून सांगितली तो हार्वर्डचा वॉल्टर कॅनन १९१७ साली बेथ्यूनजवळच्या ब्रिटिश तळावर जाऊन जखमींचे रक्तदाब मोजत बसला. प्रयोगशाळेतल्या मांजरांवरून कळलेली गोष्ट आता त्याच्यासमोर चिखलानं माखलेल्या पोरांच्या अंगावर चालू होती. खंदकांत रम मातीच्या बरण्यांतून यायची, स्ट्रेचरवाले ती जखमींनाही द्यायचे, आणि मी त्या पोरांची नात असते तरी त्या स्ट्रेचरवाल्यांना दोष दिला नसता. त्यांच्याजवळ द्यायला दुसरं होतं काय? पण मागच्या तळांवर सल्ला बदलत गेला: ऊब द्या, आडवं ठेवा, पोटाला जखम नसेल तर गरम गोड चहा द्या, आणि रक्त मिळालं तर रक्त द्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात कांब्रेच्या लढाईत ओस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकी डॉक्टरनं गोठू नये म्हणून सायट्रेट मिसळून बाटल्यांत साठवलेलं रक्त बर्फाच्या पेटीतून आघाडीवर नेलं. जगातली ती पहिली ब्लड बँक म्हणायला हरकत नाही. ब्रँडी गेली ती नीतीच्या भाषणांनी नाही, तिच्या जागी ठेवायला काहीतरी मिळालं म्हणून गेली.

अमेरिकेनं १९१६ च्या औषधकोशातून व्हिस्की आणि ब्रँडी काढून टाकल्या. गंमत अशी की १९२० ला दारूबंदी आली आणि डॉक्टरांना अचानक व्हिस्कीचे औषधी गुण पुन्हा आठवले. चिठ्ठीवर ती मिळत होती ना! या चिठ्ठ्यांतली सगळ्यात प्रसिद्ध चिठ्ठी विन्स्टन चर्चिलची. डिसेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर इंग्लंडच्या सवयीनं उलटीकडे बघत रस्ता ओलांडताना त्याला मोटारीनं उडवलं. जानेवारीत डॉक्टरनं लिहून दिलं की अपघातातून बरं होण्यासाठी या गृहस्थांना मद्य आवश्यक आहे, विशेषतः जेवणाच्या वेळी. प्रमाण अनिश्चित, पण कमीत कमी २५० घन सेंटिमीटर. ब्राऊन आणि टॉड यांच्या सगळ्या शास्त्राला याहून चांगली श्रद्धांजली मिळाली नसती.

आपल्या मुंबई राज्याची कथा याच वळणाची आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, ६ एप्रिल १९५० पासून राज्यात पूर्ण दारूबंदी झाली, पण प्रकृतीच्या कारणासाठी परवाना मिळायची सोय कायद्यात राहिली. आज महाराष्ट्रात पिणारा जो परवाना बाळगतो, किंवा बाळगायला हवा, त्याच्या मुळाशी आरोग्य जपण्याचंच कारण आहे. टॉडचं तत्त्वज्ञान इंग्लंडातून गेलं, आमच्या उत्पादन शुल्क खात्याच्या छापील कागदावर राहिलं. याच कायद्यानं कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला आणखी एक काम लावलं. १९५९ च्या नियमांनुसार संशयिताच्या शिरेतून किमान पाच मिली रक्त काढायचं. सिरिंज उकळत्या पाण्यानं निर्जंतुक करायची आणि कातडी पुसायला स्पिरिट अजिबात वापरायचं नाही, नाहीतर बाहेरचा मद्यार्क नमुन्यात शिरेल. शंभर मिलीत पन्नास मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त निघाला की आपण दारू नव्हे, औषध घेतलं होतं हे सिद्ध करणं आरोपीवर. वाहन चालवणाऱ्यासाठी मोटार कायद्याची मर्यादा वेगळी, तीसची.

त्यामुळे आमच्याकडे चित्र असं असायचं: स्ट्रेचरवर मोटरसायकलवरून पडलेला गडी, बाजूला मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठीचं पोलिसी पत्र, हातात घेऊन उभा असलेला हवालदार, आणि सगळ्यांच्या नाकात देशीचा वास. हवालदाराला पाच मिली रक्त हवं असायचं आणि मला त्या गड्याच्या अंगात चार पिशव्या घालायच्या असायच्या. वास, चाल, बोलणं, बाहुल्या हे सगळं कागदावर लिहायचं. अडखळतं बोलणं, झापड, भलतीच उत्तरं. दारूनं हे होतं. मेंदूला रक्त कमी पडलं तरी हेच होतं, आणि डोक्याला मार लागला तरी हेच. वास आला की तरुण डॉक्टरांचा मेंदू पहिल्या उत्तरावर जाऊन बसतो. “पिऊन पडलाय, झोपू दे” हे वाक्य कॅज्युअल्टीत ऐकलं नाही असा माझ्या पिढीचा एकही डॉक्टर नसेल.

मी नव्या पोरांना शिकवताना अशा रोग्याची एकेक खूण हाताशी घेऊन दाखवायची. हात गार आहेत का? नाहीत, दारूनं कोमट आहेत. नाडी जलद आहे? दारूनंही होते, तिच्यावर भिस्त नको. लघवी? शॉकमध्ये ती आटायला हवी; किलोमागे ताशी अर्धा मिलीपेक्षा कमी झाली की आम्ही कान टवकारतो. याच्या कॅथेटरच्या पिशवीत पाण्यासारखी लघवी भरलेली, आणि सिस्टर समाधानानं सांगते की आउटपुट चांगलंय. चांगलं कसलं! दारू त्याचं उरलंसुरलं पाणी बाहेर काढतेय. रक्तातलं लॅक्टेट बघावं तर तेही दारूनं थोडं वाढलेलं असतं, मग त्याचा अर्थ लावायचा कसा? घालमेल, तहान, भीती या सगळ्या रोग्यानं आपणहून दिलेल्या खबरी. त्या तर दारूनं आधीच गप्प केलेल्या. शरीराचा बचाव काढून घेतला की त्या बचावाच्या खुणाही जातात, म्हणून दारूच्या वासाखाली प्लीहा फुटलेला माणूस हसतमुखानं नाव सांगतो आणि वीस मिनिटांत बीपी लागत नाही. मी त्यांना एवढंच सांगायची की वास आला की रक्तस्राव नाही हे आधी सिद्ध करा, मग म्हणा प्यायलाय. पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवा, शुगर बघा, रक्त क्रॉस-मॅचला पाठवा.

भूल देणं हा तर वेगळाच जाच. पोट भरलेलं, त्यात दारू. भूल चढताना उलटी फुप्फुसात जायची भीती. रोज पिणाऱ्याला एरवी भुलीचं औषध जास्त लागतं, पण आज तो प्यायलेला आहे म्हणून कमी लागणार, आणि रक्त गेलंय म्हणून त्याहूनही कमी. आमच्या उमेदीत पेंटोथाल हेच रोजचं औषध. ते रक्तवाहिन्या आणखी सैल करतं, आणि ज्याचं शरीर शेवटच्या एका दारावर तग धरून आहे त्याचं तेही दार उघडतं. अशा वेळी मी केटामाइन काढायची, तेही हात आखडून.

प्रयोगशाळांनी गेल्या पन्नास वर्षांत हे सगळं मोजून दाखवलंय. कुत्री, डुकरं, उंदीर, सगळ्यांना दारू देऊन रक्त काढून पाहिलं गेलं. न्यू ऑर्लिन्सला लुइझियाना राज्य विद्यापीठात पॅट्रिशिया मोलिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर बरीच वर्षं हेच काम केलं. दारू दिलेल्या उंदराचा दाब रक्त काढायच्या आधीच खालावलेला; मग थोडं रक्त काढलं तरी तो कोसळतो, अ‍ॅड्रिनॅलिनच्या कुळातली रसायनं आणि व्हॅसोप्रेसिन हवी तशी वाढत नाहीत, आणि सलाइन दिलं तरी दाब तितका वर येत नाही. माणसाचं रक्त असं काढता येत नाही, पण त्यावर एक युक्ती आहे: कमरेखालचं शरीर पेटीत घालून तिथली हवा शोषून घ्यायची, की रक्त पायांकडे ओढलं जातं आणि वरच्या शरीराला रक्त गेल्यासारखंच वाटतं. २००० साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी निरोगी तरुणांना दारू देऊन हा प्रयोग केला. दारूविना त्यांच्या हाताच्या रक्तवाहिन्या लगेच आवळल्या. दारू घेतल्यावर त्या आवळल्याच नाहीत, आणि दाब जास्त घसरला. लग्नाच्या पंगतीत दोन पेग झाल्यावर झटकन उठणारे काका धाडकन का पडतात, त्याचंही उत्तर यात आहे.

इस्पितळांच्या नोंदी मात्र इतक्या एकमुखी नाहीत. प्यायलेले जखमी जास्त मरतात असं काही ठिकाणी दिसतं, काही ठिकाणी फरक दिसत नाही, काही ठिकाणी तर ते जास्त वाचलेले दिसतात. मद्यविक्रेत्यांनी खूश होण्याचं कारण नाही. प्यायलेले अपघाती बहुधा तरुण पुरुष असतात, दारूसाठी रक्त कुणाचं तपासायचं हे ठिकठिकाणी वेगळं असतं, आणि जो रस्त्यावरच गेला तो इस्पितळाच्या वहीत येतच नाही.

ब्रँडीची जुनी सवय आमच्या भागात एका ठिकाणी टिकून होती, बाळंतिणीपाशी. तिच्या अंगात ऊब यावी म्हणून चमचा-चमचा. चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही. एका रात्री वार सुटल्यावर रक्त थांबत नाही म्हणून एक पोर आमच्याकडे आली. गर्भाशय आकुंचन पावलं, दोन पिशव्या चढवल्या, तिसरी हवी होती. तिला बाहेर आणून ठेवलं, ती गारठलेली, पांढरी, पण डोळे उघडून बघणारी. तिची नणंद पदराआडून छोटी बाटली काढून माझ्याजवळ आली. “डाक्टरीणबाई, घोटभर देऊ का हिला? बघा की कशी पांढरी पडलीया. वाईच ऊब तरी येईल.”

मी म्हटलं, “पडू दे पांढरी, तेवढ्यानंच तगलीय ती. ब्लँकेट असलं तर आण. आणि ही बाटली कशाला आणली, तुझा भाऊ कुठाय? त्याचा रक्तगट काय?”

“ह्यो काय, भाईरच हाय. बी पॉझिटिव्ह.”

“मग त्याला वर ब्लड बँकेत पाठव. आणि आज प्यायला नाही ना तो, एवढं मात्र आधी विचार.”

नणंद बाटली पदरात घालून भावाला शोधायला गेली.